गार्ड पासिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्राझिलियन जिउ-जित्सु शिकणाऱ्यांकडून गार्ड पासिंगबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. डावं-उजवं सांगताना तुम्ही वर आहात आणि समोरच्याकडे तोंड करून आहात असं धरलं आहे. म्हणजे त्याचा डावा पाय तुमच्या उजव्या हाताला येतो. दुसऱ्या बाजूने करायचं तर सगळं उलटं करा. वेगळं सांगितलं नसेल तिथे गुण आणि नियम आयबीजेजेएफचे (आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सु महासंघाचे), प्रौढ गटाचे आहेत.

१. गार्ड म्हणजे काय, आणि पास झाला असं नक्की कधी म्हणायचं?

समोरचा पाठीवर किंवा बसलेला आहे आणि तुमच्या दोघांच्या धडांमध्ये त्याचे पाय आहेत, तोवर तो गार्डमध्ये आहे. पाय तुमच्या कमरेमागे एकमेकांत अडकवले तर बंद गार्ड. तुमचा एकच पाय त्याच्या दोन पायांत अडकला असेल तर हाफ गार्ड. बाकी सगळे उघड्या गार्डचे प्रकार. त्याचे पाय ओलांडून तुम्ही साइड कंट्रोल (बाजूने छातीवर दाबून), माउंट (त्याच्या अंगावर बसून) किंवा नॉर्थ-साउथला (डोक्याच्या बाजूने, उलट दिशेने त्याच्यावर) आलात आणि तिथे ३ सेकंद टिकलात की पास पूर्ण होतो आणि ३ गुण मिळतात. पाडण्याचे आणि स्वीपचे (खालून उलथवून वर येण्याचे) २, माउंटचे आणि पाठ पकडण्याचे ४. या हिशेबावरूनच पासला किती मोल आहे ते कळतं.

२. मी कुस्ती खेळलेलो आहे. समोरचा चीत पडलाय म्हणजे निम्मं काम झालंच ना?

नाही. कुस्तीत पाठ लागली की निकाल लागतो, इथे पाठ लागली की खालच्याचा खेळ सुरू होतो. गार्डमधून तो गळा आवळू शकतो, हात मोडायला घेऊ शकतो, तुम्हाला उलथवू शकतो. कुस्तीतून आलेल्यांची कंबर मजबूत असते, वजन टाकता येतं आणि तोल सहसा जात नाही. या गोष्टी पासिंगला फार उपयोगी पडतात. पण दोन सवयी महागात पडतात. पहिली, मान खाली घालून घुसणं: गिलोटिन (समोरून मान काखेत धरून आवळणं) बसतो. दुसरी, दाबताना समोरच्याच्या डोक्याशेजारी हात मॅटवर टेकणं: किमुरा (हात पिळून खांद्याला लावलेला लॉक) बसतो. हात मॅटवर नको, त्याच्या अंगावर किंवा कपड्यावर हवेत.

३. सुरुवातीला कोणते आणि किती पास शिकावेत?

तीन पुरेत. बंद गार्ड उघडायची एक खात्रीची पद्धत (प्रश्न ४), गुडघ्याने कापत जाणारा नी कट (प्रश्न ६) आणि पाय बाजूला फेकून फिरत जाणारा टोरिआंडो (प्रश्न ८). नी कट आणि टोरिआंडो एकमेकांना पूरक आहेत. टोरिआंडो अडवायला समोरचा पाय रुंद करतो तेव्हा मधून नी कटला वाट मिळते, आणि नी कट अडवायला गुडघे जवळ घेतो तेव्हा बाहेरून टोरिआंडो लागतो. व्हिडिओ पाहून दर आठवड्याला नवा पास उचलणाऱ्यांपेक्षा हे तीन वर्षभर घासणारे पुढे गेलेले दिसतात.

४. बंद गार्ड उघडतच नाही. कितीही जोर लावला तरी पाय सुटत नाहीत. काय चुकतंय?

बहुतेक वेळा जोर हातांचा लावला जातो. पायांची पकड हातांनी सुटत नाही. ती कंबर आणि पाठ वापरून, उभं राहून सुटते. क्रम असा:

आधी बैठक. गुडघे रुंद, बूड टाचांवर, पाठ ताठ, नजर समोर. उजव्या मुठीत त्याच्या दोन्ही कॉलर एकत्र, छातीच्या हाडावर दाबून, कोपर आत. तो तुम्हाला खाली ओढायला लागला की ही मूठच तुम्हाला सावरून धरते. बैठक मोडली असेल तर पुढचं काही करू नका, आधी बैठक परत मिळवा.

मग डाव्या हाताने त्याची उजवी बाही पकडा आणि त्याच्याच पोटावर दाबून ठेवा. आता डावा पाय आधी उचलून उभे राहा. तोच पाय का? कारण ज्या हाताने त्याने तो घोटा पकडला असता, तो हात तुमच्या ताब्यात आहे. मग उजवा पाय. उभं राहिल्यावर गुडघे किंचित वाकलेले, कंबर पुढे, पाठ सरळ. आता त्याला स्वतःचं वजन पायांनी पेलावं लागतं आणि त्याच्या मांड्या थकायला लागतात.

शेवटी कॉलर सोडून उजवा तळवा त्याच्या डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठेवा आणि कंबर थोडी वळवत सरळ खाली ढकला. घोटे सुटतात. सुटताक्षणी तो पाय मॅटकडे दाबलेलाच ठेवा आणि डावा गुडघा त्याच मांडीवरून सरकवत नी कटमध्ये शिरा. इथे हात काढून श्वास घेणाऱ्याला गार्ड परत बंद झालेला मिळतो.

यात हमखास होणाऱ्या चुका: उभं राहताना खाली पाहणं, त्याने पाठ गोल होते आणि तो ओढून खाली आणतो. बाही न पकडता उभं राहणं, मग तो दोन्ही घोटे धरून कमरेने ढकलतो आणि तुम्ही मागे बसता. आणि कोपरं मांडीत रुतवणं. ते नवख्या जोडीदारावर चालतं, जरा जुन्याने ते सहन केलं की तुमचेच हात आर्मबारसाठी (कोपर उलटं ताणण्यासाठी) समोर मांडलेले असतात.

५. पास करताना प्रत्येक वेळी ट्रँगलमध्ये अडकतो. कसा टाळू?

ट्रँगलला (पायांनी मान आणि एक हात आवळण्याला) एक हात आत आणि एक बाहेर लागतो. म्हणून दोन्ही कोपर त्याच्या मांड्यांच्या आत ठेवा, किंवा दोन्ही हात पायांखालून बाहेर काढा. एकच हात पायाखालून घालायचा झाला, जसं स्टॅक करताना (त्याचे पाय त्याच्या डोक्याकडे दुमडून दाबताना), तर दुसऱ्या हाताचं कोपर स्वतःच्या बरगडीला चिकटलेलं हवं आणि त्या पंज्याने त्याचा दुसरा गुडघा किंवा पॅन्ट खाली धरलेली हवी. पाय मानेवर चढलाच तर खाली वाकू नका. पाठ ताठ करा, अडकलेल्या हाताचं कोपर आपल्या कमरेकडे खेचा, तो हात त्याच्या छातीवरून पलीकडे जाऊ देऊ नका. हात पलीकडे गेला आणि घोटा गुडघ्यामागे बसला की वेळेत टॅप करणं (थोपटून हार मानणं) शहाणपणाचं.

६. नी कट नीट, पायरीपायरीने सांगाल का?

उजव्या गुडघ्याने करतोय असं धरू. तुमचा उजवा पाय त्याच्या दोन पायांच्या मध्ये, डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर.

पकड: डाव्या हातात त्याची उजवी बाही, कोपराजवळ. उजवा हात त्याच्या डाव्या काखेखालून आत, म्हणजे अंडरहुक. अंडरहुक मिळत नसेल तर कॉलरची खोल पकड घेऊन उजवी मूठ त्याच्या जबड्याला लावा.

कापणं: उजवी नडगी त्याच्या उजव्या मांडीवर तिरकी टेकवा. गुडघा मॅटकडे सरकतो तेव्हा वजन नडगीवर हवं. उजव्या पावलाचा पंजा त्याच्या मांडीला आकड्यासारखा लावून ठेवा, म्हणजे गुडघा पलीकडे गेल्यावर पाऊल मागे अडकणार नाही. डावा पाय मागे लांब, बोटांवर, ढकलायला तयार. त्याची बाही सतत वर, छताकडे खेचत राहा. त्याचं उजवं कोपर मॅटवर टेकलं तर तो त्यावर वळून बसेल.

डोकं: तुमचं कपाळ त्याच्या कानाशेजारी, खाली. बरेच जण छाती वर ठेवून गुडघा सरकवतात आणि मधल्या पोकळीत समोरच्याचा गुडघा येतो. छातीला छाती लागली की ती पोकळी उरत नाही.

शेवट: गुडघा मॅटवर टेकल्यावर उजवं पाऊल ओढून काढा, कंबर त्याच्या डोक्याकडे वळवून क्षणभर बसा, मग पोट मॅटकडे करून साइड कंट्रोल.

बिघडतं ते मुख्यतः अंडरहुकवर. त्याचा डावा हात तुमच्या उजव्या काखेखाली गेला की तो गुडघ्यांवर येतो किंवा तुमच्या पाठीमागे जातो. तसं झालं तर पास पुढे रेटू नका. उजवा हात त्याच्या दंडावरून घट्ट गुंडाळून खांद्याचं वजन त्यावर टाका, त्याला परत पाठीवर आणा, मग पुन्हा सुरू करा. त्याचा डावा गुडघा तुमच्या छातीवर आडवा आला असेल तर प्रश्न ९ पाहा.

७. पाय ओलांडतो, पण शेवटच्या क्षणी तो गार्ड परत लावतो. असं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे, आणि पासिंगमधला सगळ्यात कमी शिकवला जाणारा भागही हाच. पास पायांपाशी सुरू होतो, पण संपतो खांद्यांपाशी.

तीन अडथळे डोळ्यांसमोर ठेवा: त्याचे गुडघे, त्याची कंबर, त्याचे खांदे. गुडघे पार झाले की बहुतेकांना पास झाल्यासारखा वाटतो आणि पायांवरचा हात सुटतो. पण कंबर मोकळी आहे तोवर तो जवळच्या हाताचं कोपर तुमच्या मानेला किंवा कमरेला टेकवतो, बूड अर्धा हात मागे सरकवतो आणि जवळचा गुडघा तुमच्या कोपर आणि कमरेच्या मधल्या फटीतून आत घालतो. दरवेळी हेच, हीच फट.

म्हणून क्रम ठरलेला असू द्या. जवळच्या गुडघ्यावरचा हात तेव्हाच सोडायचा, जेव्हा तुमचा खांदा किंवा छाती त्याच्या कमरेवर किंवा पोटावर बसलेली असते. मग तुमची कंबर खाली, त्याच्या कमरेच्या हाडाला लागून, मध्ये तळवाही जाणार नाही इतकी जवळ. मग एक हात डोक्याखालून घालून खांद्याने त्याचा जबडा तुमच्यापासून पलीकडे वळवायचा. चेहरा पलीकडे वळला की त्याला तुमच्याकडे वळून गुडघा आत आणणं फार अवघड जातं. दुसरा हात लांबच्या काखेखाली. गुडघे मॅटवरून किंचित उचला, बोटांवर राहा, म्हणजे वजन तुमच्या गुडघ्यांवर न जाता त्याच्या छातीवर पडतं.

आणि थांबा. ३ सेकंद पूर्ण होण्याआधी माउंटकडे उडी मारणारे हातात आलेले ३ गुण घालवतात. जोडीदाराला सांगा की त्याने पूर्ण ताकदीने सुटायचा प्रयत्न करावा, आणि तुम्ही मनात पाचपर्यंत मोजा.

८. मी अंगाने बारीक आहे. दाबून पास करू की वेगाने? जड माणसांनी काय करावं?

दोन्ही जमायला हवं, पण सुरुवात अंगाला सोपं जातं तिथून करा. हलक्यांना उभ्याने, सैल राहून केलेले पास लवकर जमतात. टोरिआंडोत दोन्ही गुडघ्यांजवळ पॅन्ट पकडा, कोपर अंगाशी. आधी त्याचे गुडघे त्याच्याच छातीकडे ढकला. तो उलट ताकद लावेल, त्याच क्षणी दोन्ही पाय डावीकडे फेका आणि उजवं पाऊल त्याच्या डाव्या कमरेशेजारी टाका. पाय फेकणं आणि पाऊल टाकणं एकाच वेळी घडलं पाहिजे. आधी फेकलं आणि मग पाऊल उचललं तर पाय परत आलेले असतात. पुढचं प्रश्न ७ प्रमाणे.

लेग ड्रॅग यातूनच निघतो: त्याचा डावा पाय ओढून तुमच्या डाव्या कमरेपलीकडे आणायचा आणि मांडीमागे आपला गुडघा लावून तिथेच दाबायचा. तो वळून पळायला गेला की पाठ तुमच्यासमोर येते. मेंडेस बंधूंच्या जुन्या लढतींत हे वारंवार दिसतं. टोरिआंडो आणि नी कटच्या जोडीसाठी लिआंड्रो लो, आणि जड अंगाने सावकाश, एका पायाखालून आणि दुसऱ्यावरून हात घालून दाबत जाण्यासाठी बर्नार्डो फारिया. आवाज बंद करून फक्त त्यांची कंबर आणि डोकं कुठे आहे ते पाहा.

जोडीदार बराच जड असेल तर बारीक माणसाने छातीने त्याला दाबून धरायच्या भानगडीत पडू नये. पाय ओलांडून पोटावर गुडघा ठेवा, तिथून हलायला वाव राहतो.

९. हाफ गार्डमध्येच अडकून राहतो. पाय कसा सोडवू?

पाय सोडवायच्या मागे आधी लागू नका. आधी त्याला सपाट पाठीवर आणा. तो कुशीवर वळलेला असेपर्यंत हाफ गार्ड जिवंत असतो. रिओच्या रॉबेर्टो 'गोर्डो' कोरिया यांनी गुडघ्याच्या दुखापतीनंतर ही निव्वळ अडवायची जागा हल्ल्याची करून दाखवली, तेही कुशीवर वळूनच. जबड्यावर खांदा आणि लांबच्या बाजूचा अंडरहुक मिळाला की तो सपाट होतो. मग मोकळ्या पायाच्या पावलाने त्याचा वरचा गुडघा ढकला, अडकलेला गुडघा त्याच्या मांडीवर आणा, आणि तिथून हा नी कटच आहे.

गुडघ्याची ढाल असेल, म्हणजे वरची नडगी तुमच्या छातीवर आडवी, तर तिच्यावर छाती आपटून फक्त दम जातो. त्याचे दोन्ही गुडघे एकावर एक ठेवून एकाच बाजूला मॅटकडे दाबा आणि त्यांच्यावरून, त्याच्या पाठीच्या बाजूने फिरा.

१०. डे ला रिवा आणि स्पायडर गार्डपुढे पाऊलच हलत नाही.

डे ला रिवा हे नाव १९८० च्या दशकातल्या रिओच्या रिकार्डो डे ला रिवा यांच्यावरून पडलं. यात तो तुमच्या पुढच्या पायाभोवती बाहेरून आपला पाय गुंफतो आणि घोटा हाताने धरतो. आधी घोट्यावरचा हात सोडवा, दोन्ही हातांनी त्याची बाही धरून आणि पाय मागे झटकून. हात असेपर्यंत आकडा निघत नाही. मग अडकलेला गुडघा बाहेर वळवून त्याचा गुडघा तळव्याने मॅटकडे ढकला. त्याचा दुसरा पाय तुमच्या कमरेवर असतो, तो खाली दाबून दोन गुडघ्यांत धरलात की नी कट किंवा लेग ड्रॅग दोन्ही मोकळे होतात.

स्पायडरमध्ये दोन्ही बाह्या त्याच्या हातात आणि पावलं तुमच्या दंडांवर असतात. दोन्ही बाजू एकदम सोडवायला जाऊ नका. उभे राहा, कंबर मागे, एक मनगट बाहेरून आत गोल फिरवून त्याची नडगी पकडा, तो पाय खाली दाबा आणि त्याच बाजूने चाला.

११. नो-गीत, म्हणजे गी (जाड कापडाचा पोशाख) न घालता, पकडायला काहीच नसतं. मग?

मग कापडाची जागा मिठी घेते. बॉडी लॉक पास सगळ्यात भरवशाचा: त्याच्या कमरेमागे दोन्ही हातांची घट्ट गाठ, कान त्याच्या पोटाला, तुमची कंबर खाली. त्याची कंबर हलेनाशी झाली की पायांनी फार काही करता येत नाही. मग गुडघ्याने एकेक पाय बाजूला सारत सावकाश बाहेर या. घामाने हात सुटतात म्हणून बोटं एकमेकांत गुंफू नका. तळव्यात तळवा घालून आकडा करा. कान पोटापासून सुटून डोकं मोकळं राहिलं तर गिलोटिन मिळतो, हे मात्र गी असो वा नसो, सारखंच.

१२. पास करताना समोरचा पायाला लॉक लावतो. काय काळजी घ्यावी?

सरळ अँकल लॉक पांढऱ्या पट्ट्यापासून चालतो, त्यामुळे पहिल्या स्पर्धेतही तो लागू शकतो. उभं असताना पाऊल त्याच्या काखेखाली रेंगाळू देऊ नका. पकडलंच तर पाय मागे ओढू नका, पाऊल काखेतून पलीकडे ढकलून बूट घातल्यासारखं खोल घाला आणि वर उभे राहा. हील हुक (टाच पिळून गुडघ्याला लावलेला लॉक) गीमध्ये कोणालाच चालत नाही. नो-गीत प्रौढ तपकिरी आणि काळ्या पट्ट्यांना २०२१ पासून परवानगी आहे, म्हणून तिथे पाठ वळवून फिरणारे पास टाच लपवूनच करा.

१३. पासिंगचा सराव नेमका कसा करायचा? पूर्ण रोलिंग (मोकळी सराव लढत) पुरेसं नाही का?

पुरेसं नाही. पाच मिनिटांच्या रोलिंगमध्ये तुम्हाला हव्या त्या गार्डपुढे कदाचित तीस सेकंद मिळतात. ठरावीक जागेपासून लढत करा: एकाच गार्डमधून सुरुवात, पास झाला किंवा स्वीप झाली की थांबून परत तिथूनच. २ ते ३ मिनिटांचे डाव, दोन्ही बाजूंनी. पहिले काही डाव जोडीदाराने अर्ध्या ताकदीने अडवावं. अजिबात न अडवणाऱ्या जोडीदारावर कुठलाही पास लागतो आणि त्यातून काही शिकायला मिळत नाही.

१४. स्टॅक पासमध्ये मान दुखावते, गुडघे सोलवटतात, बोटं आखडतात.

स्टॅक करताना खालच्याचं वजन त्याच्या खांद्यांच्या मागच्या भागावर यायला हवं, मानेच्या मणक्यावर नाही. सरळ त्याच्या चेहऱ्यावर दाबू नका, तिरकं, एका खांद्याकडे चाला. उजवा हात त्याच्या डाव्या पायाखालून घातला असेल तर उजवीकडे. खालच्याने मान वाकतेय असं वाटताच टॅप करावा, यात कमीपणा नाही. बोटांसाठी, एक पकड दोन प्रयत्नांत काम करत नसेल तर सोडून नवी घ्या. लोंबकळत राहिल्याने सांधे सुजतात.

१५. पकडींत काय चालत नाही?

बाहीच्या किंवा पॅन्टच्या तोंडातून आत बोटं घालणं चालत नाही, शिक्षा होते. बाहेरून कापड मुठीत गोळा करा किंवा चिमटीत धरा. बंद गार्डमध्ये अडकला म्हणून उचलून आपटलंत तर थेट बाद. गळा न आवळता नुसती मान पिळून गार्ड उघडायला लावणंही नियमात नाही, आणि क्लासमध्येही करू नका.

१६. पास झाला तरी गुण मिळाले नाहीत. पंच चुकले का?

बहुधा नाही. तीन प्रसंग वारंवार येतात. पहिला: तुम्ही पाय ओलांडले, पण ३ सेकंद होण्याआधी तो उलटा वळून गुडघ्या-कोपरांवर गेला. पास टिकला नाही, फार तर गुण बरोबरीत असल्यास कामी येणारा अ‍ॅडव्हांटेज मिळतो. दुसरा: तुम्ही पट काढून पाडलंत आणि थेट साइड कंट्रोलमध्ये उतरलात. इथे पाडण्याचे २ मिळतात, पासचे ३ नाहीत, कारण मध्ये गार्ड आलाच नव्हता. स्वीपमधून थेट साइड कंट्रोलला आलात तरी हिशेब तोच. तिसरा: मुद्दाम पकड सैल करून त्याला गार्ड लावू दिलात आणि परत पास केलात. स्वतःहून सोडलेल्या जागेचे पुन्हा गुण नाहीत. त्याने खरोखर झगडून गार्ड परत मिळवला आणि तुम्ही पुन्हा ओलांडलात, तर मात्र पुन्हा पूर्ण ३.

एडीसीसीच्या (नो-गी लढतींच्या मोठ्या स्पर्धेच्या) नियमांतही पासचे गुण ३ आहेत, पण लढतीच्या पहिल्या टप्प्यात गुण मोजलेच जात नाहीत. तिथे सुरुवातीला केलेला पास फलकावर दिसत नाही, तरी समोरच्याचा दम नक्की काढतो.